पॅराशूट उघडते, चूक बहुधा त्यानंतर होते

महोदय,

दिवाळी सरून हवेत गारवा आला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. मुलीला किंवा मुलाला विमानातून उडी मारायची आहे, होकार द्यावा की नाही? आईवडील आम्हा स्कायडायव्हर मंडळींना गाठतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पॅराशूट उघडलंच नाही तर?' अपघाताच्या बातम्यांचे मथळेही बहुतेक वेळा तेच सांगतात. काळजी वाटणे साहजिक आहे, पण ती भलत्याच ठिकाणी आहे. त्यामुळे जे विचारायला हवे ते राहून जाते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

पुण्याला हा खेळ परका नाही. इथल्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली. त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळ्यांनी केले, तसे व्हायलाच हवे होते. त्या धाडसामागे उपकरणांची आणि सरावाची जी शिस्त असते, तिच्याबद्दल मात्र मराठीत फार कमी छापून येते.

अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या, म्हणजे यूएसपीएच्या आकडेवारीनुसार २०२३ साली तिथे सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. या संघटनेच्या वर्षावर्षांच्या अहवालांतून एक गोष्ट सतत पुढे येते. मृत्यूंचा मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत पॅराशूटखाली, जमिनीजवळ केलेल्या चुकांचा असतो.

हे कसे घडते? आजचे पॅराशूट म्हणजे जुन्या चित्रपटांतली गोल छत्री नव्हे. ती नायलॉनची, सात किंवा नऊ कप्प्यांची, हवेने फुगणारी पंखाकृती कॅनॉपी असते आणि ती ताशी ३०-४० किलोमीटरने पुढे जाते. डावी दोरी खेचली की कॅनॉपी डावीकडे वळते, पण वळताना नाक खाली घालून सूरही मारते. माणूस लोलकासारखा बाहेर फेकला जातो आणि खाली येण्याचा वेग एकदम वाढतो. दोरी सोडल्यावरही कॅनॉपी पुन्हा सरळ व्हायला उंची लागते. आता नवशिका ८० फुटांवर आहे, समोर विजेची तार दिसते, किंवा आपण वाऱ्याच्या दिशेनेच उतरतोय हे त्याच्या ध्यानात येते. हात आपोआप एक दोरी पूर्ण खाली ओढतो आणि सूर संपायच्या आत जमीन येते. मांडीचे हाड, कंबर, मणका, कधी जीव जातो तो असा.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा उपाय नाही. साधारण १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० फुटांवर आडवे आणि ३०० फुटांवर वाऱ्याला तोंड करून, असा चौकोनी मार्ग प्रत्येक वेळी आखायचा. शेवटच्या ३०० फुटांत मोठे वळण घ्यायचे नाही. दिशा चुकली असेल तर चुकलेल्या दिशेनेच सरळ उतरायचे. वाऱ्याबरोबर उतरल्यास फार तर घोटा मुरगळेल, चार लोळणी बसतील. अडथळा चुकवायचाच असेल तर दोन्ही दोऱ्या अर्ध्यावर ओढून मग एक थोडी सोडायची; असे वळण सपाट राहते. जमिनीपासून १०-१२ फुटांवर दोन्ही दोऱ्या एकदम पूर्ण खाली. पावले आणि गुडघे जुळलेले.

आपल्या पठारावर याला आणखी दोन गोष्टी जोडायला हव्यात. मेमधल्या दुपारी, तापमान ३८ अंशांच्या आसपास असताना, दोन हजार फूट उंचीच्या जमिनीवरची हवा इतकी विरळ होते की कॅनॉपीचा वेग समुद्रकाठच्या थंड सकाळीपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो. त्यात तापलेल्या माळावरून उठणारे ऊर्ध्वप्रवाह आणि वावटळी येतात. वावटळीत सापडलेली कॅनॉपी जमिनीपासून ५० फुटांवर मिटू शकते. म्हणून इकडे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळचा. यूएसपीएच्या नियमाने विद्यार्थ्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. दुसरी गोष्ट शेताची. उतरण्याचे मैदान चुकले तर आपल्या जिल्ह्यात खाली बहुधा ऊस असतो आणि उसात बांध, पाइप, मोटारीच्या तारा आणि कठडा नसलेल्या विहिरी वरून दिसत नाहीत. विमानात बसण्याआधी मैदानाभोवतीचा किमान एक किलोमीटरचा परिसर पायी किंवा दुचाकीवरून पाहून ठेवावा, असे आम्ही प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे. मुख्य पॅराशूट नीट उघडत नाही असे क्वचित होते, आणि होते तेव्हा कारण बहुतेकदा घडी घालताना किंवा उघडतानाच्या शरीरस्थितीत सापडते. पाठीच्या पिशवीच्या तळाशी एक छोटे पायलट शूट असते. ते हाताने जोरात हवेत फेकले की त्याची पट्टी पिन ओढते, आतली बॅग बाहेर येते, रबरबँडमध्ये अडकवलेल्या दोऱ्या क्रमाने सुटतात आणि स्लायडर नावाचे कापडी चौकोन हळूहळू खाली सरकत कॅनॉपीला एकदम फटकन उघडू देत नाही. या सगळ्याला तीन-चार सेकंद आणि ६०० ते १,००० फूट लागतात. दर उडीनंतर मिटणारे पायलट शूट घडी घालताना पुन्हा ताणून ठेवायला विसरले, तर ते पाठीमागे चिंधीसारखे फडफडत राहते आणि पिन निघत नाही. पट्टीवरच्या खिडकीत रंग दिसतो का, एवढे पाहिले की ही चूक टळते. एका बाजूचे रबरबँड सैल आणि दुसऱ्या बाजूचे घट्ट असतील, किंवा उघडताना एक खांदा झुकलेला असेल, तर दोऱ्यांना पीळ पडतो. पिशवी बंद ठेवणारा दोरा झिजला तर पॅराशूट नको तेव्हा, कदाचित विमानाच्या दारातच, उघडू शकते. तो दोरा काही रुपयांचा असतो. झीज दिसली की त्याच दिवशी बदलावा.

उघडल्यावर तीन प्रश्न. कॅनॉपी चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळते आणि थांबते का? एकाचेही उत्तर नाही असेल आणि विद्यार्थ्याने २,५०० फुटांपर्यंत ते सुधारले नसेल, तर तिथे विचार थांबवायचा. शरीराची कमान धरायची, उजवीकडची कटअवेची, म्हणजे बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्याची मूठ पाहायची, धरायची, डावीकडची रिझर्वची, म्हणजे राखीव पॅराशूटची मूठ पाहायची, मग उजवी पूर्ण हातभर ओढायची आणि लगेच डावी. क्रम उलटला तर रिझर्व बिघडलेल्या मुख्य पॅराशूटमध्ये गुंतते. १,००० फुटांखाली कटअवे करायचे नाही, कारण रिझर्वला पुरेशी उंची उरत नाही. पायलट शूटच बाहेर आले नसेल तर काही प्रशिक्षक थेट रिझर्व ओढायला शिकवतात, काही दोन्ही मुठी. आपल्याला जे शिकवले तेच सरावाने पक्के करावे; हवेत वाद घालायला वेळ नसतो. मोकळ्या पडण्यात वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात असतो, म्हणजे १,००० फूट साडेपाच सेकंदांत जातात.

यानंतरही हात हललाच नाही तर एएडी हे रिझर्व आपोआप उघडणारे छोटे यंत्र आहे. १९९१ साली आलेल्या सायप्रेस नावाच्या एएडीने या खेळाचा चेहरामोहरा बदलला. अनुभवी माणसाच्या पिशवीतले यंत्र सुमारे ७५० फुटांवर आणि टँडेमचे, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारलेल्या उडीतले, सुमारे १,९०० फुटांवर, वेग अजून मोकळ्या पडण्याइतका असेल तर, रिझर्वची पिशवी बंद ठेवणारा दोरा कापते. मात्र हे यंत्र जिथे सुरू कराल तिथली जमीन शून्य धरते, आणि सह्याद्रीच्या परिसरात हे विसरून चालत नाही. समजा कोकणकिनारी यंत्र सुरू करून उड्डाण केले आणि उडी पुण्याच्या पठारावर, सुमारे १,८४० फुटांवर घेतली. यंत्राच्या हिशेबी ७५० फूट यायच्या कितीतरी आधी माणूस जमिनीवर आदळलेला असेल. उलट प्रवासात, पुण्याहून उडून किनाऱ्यावर उतरताना, यंत्र प्रत्यक्ष २,६०० फुटांच्या आसपासच जागे होईल. मुख्य पॅराशूट तेव्हा उघडत असेल तर रिझर्वही बाहेर येऊन दोन कॅनॉपी एकत्र होतील. चढण्याची आणि उतरण्याची जागा वेगळी असेल तर यंत्रात उंचीचा फरक घालावाच लागतो, आणि मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटरही त्याप्रमाणे लावावा लागतो.

पहिल्यांदा उडी मारणारे बहुतेक जण टँडेम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून, जातात. पालकांनी किमतीआधी विचारावे ते असे. प्रशिक्षकाचे टँडेम रेटिंग चालू आहे का? यूएसपीएच्या अटीत किमान ५०० उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. रिझर्वची घडी प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूटची घडी आणि देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने, घातल्याचे कार्ड पाहायला मिळेल का, आणि त्यावरची तारीख १८० दिवसांच्या आतली आहे का? हा नियम अमेरिकी आहे, पण मापदंड म्हणून उत्तम आहे. एएडीची सर्व्हिस कधी झाली? आजचा वारा किती आणि किती झाल्यावर तुम्ही उड्डाण थांबवता? या शेवटच्या प्रश्नाला आकडा सांगता आला नाही, तर पैसे परत घेऊन निघावे. खिडकीशी बसून 'काही होत नाही' म्हणणारा माणूस हे उत्तर नव्हे.

हार्नेस, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचा साज, चढवल्यावर मांडीचे पट्टे घट्ट हवेत आणि मागचा वाय आकाराचा पट्टा कंबरेखाली नीट बसलेला हवा. तो सैल असेल तर सडपातळ किंवा फार लवचिक व्यक्ती मागे घसरू शकते. प्रशिक्षकाशी जोडणाऱ्या चार कड्या दारात जाण्याआधी दोघांनी मोजून पाहाव्यात. उतरताना पाय उचलून समोर धरायचे, ते जमिनीवर असतानाच पाच-सहा वेळा करून पाहावे. पोट सुटलेल्या माणसाला ते जमत नसेल तर प्रशिक्षकाला आधीच कळू द्यावे. वजन खरे सांगावे. चार किलो लपवल्याने कॅनॉपीचा वेग लपत नाही. आणखी एक, कारण आपल्याकडे सहली तशाच आखल्या जातात: तारकर्लीला स्कुबा करून दुसऱ्या सकाळी विमानात बसू नये. डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास जाऊ द्यावेत.

शिकायचेच असेल त्यांच्यासाठी पुण्याची खरी अडचण वेगळी आहे. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने शहराभोवतीच्या आकाशात उडीची परवानगी सोपी नाही. मग मुले दुबई, स्पेन, थायलंडला जातात, आठ-दहा दिवसांत प्रशिक्षण घेतात, परवाना मिळवतात (यूएसपीएच्या ए परवान्याला २५ उड्या लागतात) आणि परत येऊन वर्षभर नोकरीत गुंततात. पुढच्या सुट्टीत ती थेट विमानाच्या दारात उभी राहतात. ए परवानाधारकाने ६० दिवस उडी मारली नसेल तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुन्हा सुरुवात करावी, अशी शिफारस आहे आणि ती पाळायलाच हवी. पण मधल्या काळात पुण्यात बसूनही बरेच करता येते. घडी घालायला चार-पाच मीटर लांबीची फरशी पुरते, म्हणजे फ्लॅटचा हॉल चालतो. कटअवेचा क्रम रोज दहा वेळा, मुठी नुसत्या कल्पून, करावा. चौकटीला टांगलेल्या हार्नेसमध्ये डोळे मिटून मुठी सापडतात का ते पाहावे. आमच्यातले जुनेजाणते हे शिकवायला तयार असतात. या मंडळींची एक रीत चांगली आहे: साधने तीनदा तपासली जातात, चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि दार उघडण्याआधी, आणि हजार उड्यांच्या माणसालाही पहिल्या उडीचा विद्यार्थी 'तुमचा छातीचा पट्टा दुमडलाय' असे सांगू शकतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात पॅराशूटिंगसह अकरा खेळ आहेत, आणि राष्ट्रीय महासंघापासून जिल्ह्यापर्यंत चार स्तरांची रचना सांगितली आहे. जिल्हा स्तरावर काम सुरू होईल तेव्हा आधी विमान आणि धावपट्टी मागू नये. एक टांगते हार्नेस, एक प्रमाणित रिगर आणि कॅनॉपी हाताळण्याचे नियमित वर्ग मागावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी आपल्या वार्ताहरांना विनंती. कामशेतचे पॅराग्लायडिंग, कोकणात बोटीमागे ओढले जाणारे पॅरासेलिंग आणि विमानातून मारलेली उडी यांची साधने, परवाने आणि धोके निराळे आहेत. बातमीत कोणता प्रकार होता ते लिहावे. अपघात स्कायडायव्हिंगचा असेल तर चौकशी करणाऱ्यांना विचारावे: मुख्य पॅराशूट किती उंचीवर उघडले, जमिनीला टेकताना ते उघडलेले होते का, शेवटचे वळण किती उंचीवर घेतले, कटअवेची मूठ जागेवर होती की ओढलेली, एएडी चालले का, रिझर्वच्या कार्डावर कोणती तारीख होती आणि त्या वेळी वारा किती होता.

आपले,
पुण्यातील काही स्कायडायव्हर व रिगर