बॅग भरलेली नाही

अक्रा, घाना
रविवार, संध्याकाळ

प्रिय दिग्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. लष्करी बंडं म्हणे एकामागून एक होतायत: माली झालं, बुर्किना फासो झालं, नायजर झालं, आता नंबर तुझा, बॅग भरून ठेव! मला सांगितलंस ते ठीक, पण माझ्या आईलाही घरी जाऊन सांगून आलास. आता ती रोज फोनवर "तिकडे शांत आहे ना रे?" विचारते. म्हणून हे पत्र. वाच आणि तिलाही वाचून दाखव.

बुर्किना फासो आमचा शेजारी, हे खरं. पण घानात लष्कराने सत्ता घेतली ती शेवटची ३१ डिसेंबर १९८१ ला. तू आणि मी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होतो.

म्हणजे हे लोक जन्मजात शहाणे होते असं समजू नकोस. पश्चिम आफ्रिकेत सगळ्या वसाहतींआधी, ६ मार्च १९५७ ला हे स्वतंत्र झाले. त्यांचा स्वातंत्र्यलढ्याचा नेता क्वामे एन्क्रुमा तर १९५१ ची निवडणूक तुरुंगात बसून जिंकलेला. आणि त्याच माणसाने १९५८ मध्ये बिनचौकशी डांबायचा कायदा केला, १९६४ मध्ये देशात एकच पक्ष ठेवला. स्वातंत्र्यलढ्यातला त्याचा जुना सहकारी डॉ. डान्क्वा १९६५ मध्ये कोठडीतच वारला. पुढच्याच वर्षी साहेब परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने त्यांची खुर्ची काढून घेतली आणि लोकांनी पुतळा पाडला. तो पुतळा मी इथल्या स्मारकात पाहिला. एका नागरिकाने मुंडकं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, ते परत दिलं. पण ते धडाला जोडलेलं नाही, शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही. आपण असतो तर सिमेंट लावून, रंग देऊन मोकळे झालो असतो.

जेरी रॉलिंग्ज मात्र मला अजून उलगडलेला नाही. हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. १९७९ मध्ये त्याच्या राजवटीने तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या. काही महिन्यांत निवडून आलेल्या लिमान यांच्या हाती सत्ता दिली, आणि दोन वर्षांनी परत घेतली. १९८२ मध्ये त्याच्याच राजवटीत, संचारबंदीच्या रात्री तीन न्यायाधीशांना घरातून उचलून नेऊन मारण्यात आलं. त्यांचे पुतळे आज सर्वोच्च न्यायालयासमोर आहेत. मग याच रॉलिंग्जच्या काळात १९९२ ची राज्यघटना आली. तो दोनदा निवडून आला. तिसऱ्यांदा उभं राहायची घटनेत सोय नव्हती, म्हणून थांबला. त्याचा पक्ष हरला आणि ७ जानेवारी २००१ ला त्याने विरोधकाला, कुफुओर यांना, राज्य सोपवलं आणि घरी गेला. जाता जाता एक मेख मात्र आहे: बंडवाल्यांनी केलेल्या कृत्यांवर कुठल्याही कोर्टाला प्रश्न विचारता येत नाही, असं कलम त्याच घटनेत आहे, आणि ते बदलताही येत नाही. न्यायाधीशांचे पुतळे कोर्टासमोर, कलम घटनेत. काय म्हणावं!

तेव्हापासून दर चार वर्षांनी ७ डिसेंबरच्या सुमारास मतदान आणि ७ जानेवारीला शपथ. २००८ मध्ये फरक होता चाळीसेक हजार मतांचा, तरी हरलेला घरी गेला. २०१२ चा निकाल कोर्टात गेला, सुनावणी देशाने टीव्हीवर पाहिली, निवाडा पाच विरुद्ध चार, तोही मान्य. २०२० ला तर संसदेत दोन्ही पक्ष १३७-१३७ आणि एक अपक्ष! सभापती निवडायच्या रात्री एक खासदार मतपत्रिकाच घेऊन पळाला, सैनिक सभागृहात शिरले. तुला आवडलं असतं. शेवटी राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि सभापती दुसऱ्याचे, असं चार वर्षं चाललं.

२०२४ ला मी इथेच होतो. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, कांदा चिरत होतो, तेवढ्यात सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमिया यांनी हार मान्य केल्याची बातमी आली. आयोगाने निकाल जाहीरही केला नव्हता. खाली रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. माजी राष्ट्राध्यक्ष माहामा आठ वर्षांनी परत आले.

तुझ्या पॅनलच्या राजकारणाला मात्र इथे वाव नाही. जिल्हासभेच्या निवडणुका कागदावर पक्षाविना, पण जिल्ह्याचा कारभारी राष्ट्राध्यक्षच नेमतो. सभेने दोन तृतीयांश मतांनी त्याला होकार द्यायचा. म्हणून अक्राची खुर्ची हलली की पार खेड्यापर्यंत माणसं बदलतात. तुमची ग्रामपंचायत त्यापेक्षा बरी, असं मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहून देतोय.

तर आईला सांग, बॅग भरलेली नाही. उलट कुणी येणार असेल तर किलोभर कांदा-लसूण मसाला पाठव. इथल्या ओसू भागातल्या दुकानात बाकी सगळं मिळतं, एवढंच मिळत नाही.

तुझा,
पश्या