टॅब मुलाच्या नावावर नको, वर्गाच्या नावावर द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र टॅब देणेबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

विषयाची ओळ सवयीने लिहिली. एकतीस वर्षं 'बाबत' आणि 'अन्वये' लिहिण्यात गेली, हाताला वळण पडलंय. पुढचं साध्या भाषेत लिहिते. मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेचे १९६७ चे वर्तणूक नियम आता माझ्या आड येत नाहीत. सेवेत असते तर हे पत्र मनातच राहिलं असतं.

निमित्त असं. अकोले तालुक्यातल्या ज्या वाडीवरच्या शाळेतून मी निवृत्त झाले, तिथे पहिली ते चौथीची ४३ मुलं आहेत आणि शिक्षक दोन. गेल्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. "बाई, एक पाहुणे येऊन गेले. पोरांना टॅब देतो म्हणत्यात, एकेकाला एकेक. घ्यावं का?" मी लगेच 'घ्या' म्हणाले नाही, याचं त्यांना नवल वाटलं. वाटणारच. कारण त्या शाळेत पहिला टॅब २०१६ साली मीच आणला होता, स्वतःच्या पगारातून.

ते दिवस आपल्या खात्यातल्या जुन्या लोकांना आठवत असतील. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला होता आणि जो तो डिजिटल शाळेच्या मागे होता. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची टॅबवर शिकवणारी शाळा बघायला लोक गाड्या करून जात होते. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शिक्षकांनी फरशीवर अक्षरं-अंक रंगवून, खडे-चिंचोके-काड्या घेऊन मुलांना शिकतं केलं होतं. मी कुमठ्याची फरशी उचलली आणि पष्टेपाड्याचा टॅबही उचलला. दोन्हींचं भांडण आहे असं मला कधी वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

त्या एका टॅबभोवती काय व्हायचं ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

तिसरीची चार मुलं वजाबाकीचा खेळ खेळत होती. पडद्यावर ५२ वजा २७. एकाने उत्तर दाबलं ३५. टॅब म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा ३५. पुन्हा "पुन्हा प्रयत्न करा." त्या यंत्राला एवढं एकच वाक्य येत होतं. तिसऱ्या वेळी शेजारच्या मुलीने त्याचा हात धरला. "अरे, दोनातून सात जात्यात का? शेजारच्या घरातून दहा आण." तो म्हणाला, "कुठून आणू?" मग ती उठली, कोपऱ्यातून काड्यांचे गठ्ठे घेऊन आली, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि दहा काड्या त्याच्यासमोर ओतल्या. "आता मोज." तिसरी मुलगी मध्येच, "अन त्या घरात किती उरले ते सांग आधी!" पाचेक मिनिटं चौघांचं भांडण चाललं होतं आणि तेवढा वेळ टॅब बाजूला पडून होता. मी टेबलापाशी बसून गंमत बघत होते. त्या दिवशी त्या मुलाला हातचा कळला. तो टॅबने शिकवला नाही, पण भांडणाला कारण टॅबनेच दिलं.

पुढे आणखी दोन टॅब मिळाले. एकदा चौथीतल्या एका मुलाला मी एक टॅब एकट्याला दिला. शांत बसून खेळत होता, मला वाटलं छान चाललंय. अर्ध्या तासाने बघते तर दहापैकी दहा चांदण्या. प्रश्न वाचून दाखव म्हटलं तर अडखळायला लागला. मग त्यानेच सांगितलं, "बाई, वाचायची गरजच नाय. चारी चौकोन दाबत जायचे, एक तर हिरवा होतोच." पोरगा हुशार निघाला, यात शंका नाही. पण त्याच्या खात्यावर चांदण्या दहा आणि वाचन शून्य. त्याच्या प्रगतीचा आलेख त्या टॅबने वर पाठवला असता, तर आपल्या कार्यालयात त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

चार पोरांत एक टॅब असला की बोलणं होतं. एका पोराला एक दिला की तोंडं बंद होतात. आणि पहिली-दुसरीच्या मुलाचं शिक्षण बहुतांशी तोंडानेच होतं. आमच्या वाडीवरची मुलं ठाकरांची आणि महादेव कोळ्यांची. घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. पहिलीतलं मूल महिनोन्महिने बाईच्या तोंडाकडे बघून, शेजारच्याला विचारून, चुकीचं बोलून, हसून घेऊन त्या दोन्हींमधला पूल बांधत असतं. टॅबमधल्या गोड आवाजाच्या ताईला त्याची बोली कळत नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. आपला महाराष्ट्र या सरासरीच्या पुढे आहे, तरी न वाचता येणारी मुलं आपल्याकडेही वर्गावर्गांत बसलेली आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून चालवायचं यंत्र देऊन एकटं बसवायचं, हे मला पटत नाही.

हे फक्त माझ्या शाळेपुरतं नाही. सुगाता मित्र या संशोधकांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, वस्तीतली पोरं तो आपली आपण चालवायला शिकली, त्याचं कौतुक जगभर झालं. पण त्या भिंतीपाशी पोरांचा घोळका असायचा, ही गोष्ट सांगताना लोक विसरतात. उलट 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतून आलेली कल्पना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली नाकारली. तरी दुसऱ्याच वर्षी तिचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला, रायगड जिल्ह्यात खैराटच्या एकशिक्षकी शाळेत. वीसेक मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. त्या प्रयोगाचे फोटो तेव्हा परदेशात पोचले, पण राज्यातल्या किती प्रशिक्षणांत त्याबद्दल कुणी बोललं? मी एकतीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही. पेरू देशाने तर हीच कल्पना मनावर घेऊन आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, गणित आणि भाषेत काही नाही.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये टॅब दिले ते आठवीच्या मुलांना, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. मोठी मुलं होती, हेतूही चांगला होता. पण २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकंच बदलली. छापील पुस्तक बदललं तर जुनं रद्दीत जातं आणि नवं जूनमध्ये येतं. टॅबात भरलेला अभ्यासक्रम कोण बदलणार, कुठे नेऊन बदलणार, किती दिवसांत? आता पहिलीचा नवा अभ्यासक्रम जून २०२५ पासून आलाच आहे आणि पुढच्या इयत्ता ओळीने बदलायच्या आहेत. आज भरलेले टॅब उद्या शिळे होणार, हे आपल्याच वेळापत्रकात लिहिलेलं आहे.

आता थोडं पैशाचं, कारण शेवटी सगळं तिथेच अडतं. ३० ते १०० पटाच्या शाळेला केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे सगळ्या किरकोळ खर्चाचं मिळून एकच अनुदान, वर्षाला २५ हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, हजेऱ्या, रंगरंगोटी, नळाची तोटी, प्रयोगाचं साहित्य आणि वीजबिल. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या शाळा आपल्याला माहीत आहेत, मी नव्याने सांगायला नको. आमच्या शाळेत प्लगच्या जागा दोन, त्यातल्या एकीतून ठिणगी उडते. ४३ टॅब चार्ज कुठे करायचे? वर्षाला पाचातला एक फुटला तरी आठ-नऊ काचा होतात. एका काचेला दोन-अडीच हजार धरले तर वीस हजार तिथेच गेले. मग वर्षभर खडू मुलांनी घरून आणायचे का?

आणि फुटलेला टॅब टाकून देता येत नाही, साहेब. तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला असतो. आमच्या शाळेत एका जुन्या योजनेतला संगणक होता. विजेचा दाब वरखाली झाला आणि जळाला. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव वर पाठवला, स्मरणपत्रं दोन पाठवली. मी निवृत्त झाले तरी उत्तर नव्हतं. पदभार देताना आम्ही दोघी शिक्षिका कपाटापुढे उकिडव्या बसून त्या मेलेल्या संगणकाच्या वायरी मोजत होतो. एक माउस कमी भरला. रजिस्टरला दोन, कपाटात एक. मी बाजारातून दोनशे रुपयांचा नवा माउस आणला, चालत नसलेल्या संगणकाला जोडण्यासाठी, आणि मग माझी सुटका झाली. हे लिहिताना हसू येतंय, तेव्हा नव्हतं आलं. आता ४३ टॅब, ४३ चार्जर, ४३ कव्हर. असलं रजिस्टर ज्या बाईच्या डोक्यावर असेल, ती टॅब मुलांच्या हातात कशाला देईल? ती कपाटाला कुलूप लावेल आणि तपासणीच्या दिवशी काढेल. शिक्षक आळशी असतात म्हणून कुलपं लागतात असं वर बसलेल्यांना वाटतं. तसं नसतं. वस्तू हरवली तर भरपाई आपल्या पगारातून, या धाकाने कुलपं लागतात.

मुलांनी टॅब घरी न्यावा असं म्हणाल, तर कोरोनातला 'शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू'चा काळ आठवा. फोन बापाचा आणि बाप कामावर. रेंज यायची ती फक्त वरच्या टेकाडावरच्या आंब्याखाली. टॅब घरी गेला की तो घराचा होतो. त्यावर सिनेमा लागतो, थोरल्या भावाचे खेळ येतात. त्यात त्या घरालाही मी दोष देत नाही. पण केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. घरी ते कोण मोजणार?

माझा टॅबला विरोध नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. मला सगळ्यांत उपयोगी पडली ती त्यातली दोन साधी बटणं, आवाज टिपण्याचं आणि फोटोचं. चौथीच्या मुलांनी एका आजीची गोष्ट तिच्या बोलीत टिपून आणली. वर्गात ती थांबवत थांबवत ऐकली, आधी बोलीत लिहिली, मग पुस्तकाच्या मराठीत. 'आजी असं का म्हणती?' यावर दोन तास गेले. त्याला इंटरनेट लागलं नाही, लॉगिन लागलं नाही, कुठल्या कंपनीचा अभ्यासक्रमही लागला नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. पहिली-दुसरीला टॅब नकोच. तिथे काड्या, चित्रांची पुस्तकं आणि वर्गात थांबणारी बाई द्या. (थांबणारी, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामाला न जाणारी.) तिसरी-चौथीला चार मुलांमागे एक, वर्गाच्या नावावर, शाळेतच राहणारा. बालभारतीची पुस्तकं त्यात आधीच उतरवलेली असावीत, रेंज नसली तरी चालणारी. दुरुस्तीला आणि विजेला संयुक्त अनुदानाबाहेर वेगळी रक्कम द्या. ठरावीक किमतीखालची मोडकी वस्तू व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निर्लेखित करता यावी, असा शासन निर्णय काढा. आणि कृपा करून 'टॅब वापरतानाचे फोटो लिंकवर भरा' असा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्या लिंका भरण्यातच तास जातो. वहीसारखी कोरी पानं घातलेली पाठ्यपुस्तकं शासनाने आणली आणि दोन वर्षांत परत घेतली. पुस्तकं निदान परत घेता आली. ४३ टॅब परत घेताना रजिस्टरचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

त्या पाहुण्यांना मी फोन केला होता. सज्जन गृहस्थ आहेत. सहा टॅब द्या, उरलेल्या पैशांत छताचे पत्रे आणि वायरिंग करून द्या, असं सुचवलं. ते जरा थांबून म्हणाले, "मॅडम, प्रत्येक मुलाच्या हातात टॅब, असा फोटो आमच्या वार्षिक अहवालात हवा असतो." मी म्हटलं, फोटोपुरते बाकीचे सदतीस आणा आणि संध्याकाळी घेऊन जा. ते हसले. विचार करून कळवतो म्हणाले, अजून कळवलेलं नाही.

समितीची बैठक १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर ठरली आहे. अध्यक्षांनी मलाही बोलावलंय. निर्लेखनाबद्दल आपल्या कार्यालयाकडून तोवर दोन ओळी आल्या, तर त्या मी बैठकीत वाचून दाखवीन. तो जळका संगणक अजून कपाटातच आहे, त्याचाही विषय त्याच ठरावात घेता येईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. अकोले, जि. अहिल्यानगर