‘१२ व्होल्ट’ म्हणजे नेमके किती, ते टीव्हीच्या खोक्यावर लिहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पवनी तालुक्यातली, वैनगंगेच्या काठची. घरात पिढीजात मासेमारी. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ला बसली, तेव्हा मी या घरात सून म्हणून आले नव्हते. आज आमची नाव ज्या पाण्यावर उभी असते, त्या पाण्याखाली माझ्या सासऱ्यांचं दोन एकराचं वावर आहे. सासरे एका माणसाच्या डोंग्यावर मासे धरायचे. धरणाचं पाणी पसरलं तसा डोंगा पुरेना, म्हणून आम्ही कर्ज काढून टिनाच्या छपराची मोठी नाव केली. सांजेला जाळी टाकायची, पहाटे उचलायची आणि मधली रात्र नावेवरच काढायची. राखण नसली तर जाळं माशांसकट जातं.

पोरांचे बाबा, धाकटे दीर आणि एक भाचा, अशी तिघं पावसाळ्याचे बंदीचे दिवस सोडले तर वर्षभर रात्री पाण्यावर असतात. मोबाइलला तिकडे रेंज धड मिळत नाही, आणि मिळाली तरी तीन माणसं तीन मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. रात्र मोठी असते. मोठ्या रात्रीत माणूस कशाकशात मन रमवतो, हे आमच्या वस्तीतल्या बायांना सांगायला नको. म्हणून मी बचत गटातून पैसे उचलले आणि नावेवर छोटा टीव्ही घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी हवामानाच्या बातम्या कळतील, क्रिकेट पाहता येईल. शिवाय मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत गावोगाव होणारी झाडीपट्टीची नाटकं यांची दरवर्षी हुकतात. ती कोणी मोबाइलवर धरलेली असली तर पेन ड्राइव्हवर टाकून देता येतील, असंही मनात होतं.

जिल्ह्याच्या गावाला जाऊन २४ इंची एलईडी टीव्ही घेतला, साडेसहा हजारांचा. मी दुकानदाराला सगळं नीट सांगितलं होतं. नाव आहे, लाइट नाही, ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे, छपरावर १०० वॉटचं सोलर पॅनल आहे. त्यांनी टीव्हीची मागची बाजू दाखवली आणि म्हणाले, “वहिनी, हा बारा व्होल्टचाच आहे. अडॅप्टर बाजूला ठेवा, बॅटरीवर डायरेक्ट लावा.” मी विश्वास ठेवला.

सतरा दिवस टीव्ही चालला. अठराव्या दिवशी दुपारी दीर जाळं विणत मॅच पाहत होते, तेवढ्यात पडदा एकदम पांढरा झाला, मागून जळका वास आला आणि टीव्ही कायमचा बंद पडला. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, “बॅटरीवर लावला ना? मग वॉरंटी नाही.” लावा म्हणणारेही तेच होते.

आमच्या बाजाराच्या गावात एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले आहेत, वयानं साठीपुढचे. पूर्वी लाइट नसलेल्या गावांत चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचे, लाल-काळे चिमटे लावून. ते सगळे टीव्ही यांनी आपल्या हातानं उघडलेले. टीव्ही खोलून झाल्यावर ते म्हणाले, “बाई, यात टीव्हीचा दोष कमी, अन्‌ सांगणाऱ्याचा जास्त. मी नावेवर येऊन पायतो.” आणि खरोखर ते दुसऱ्या दिवशी दुपारी व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आले.

त्यांनी जे दाखवलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते आहे. भर उन्हात बॅटरीला मीटर लावला, आकडा १४.३. “याले तुम्ही बारा म्हणता का जी?” त्यांनी दिरांना विचारलं. भरलेली बॅटरी नुसती पडून असली तर साधारण १२.७ दाखवते, पॅनलवर चार्ज होत असली तर १४.४ पर्यंत चढते आणि रात्री उतरत उतरत १२ च्या खाली येते. घरच्या प्लगमधला अडॅप्टर मात्र रात्रंदिवस बरोबर १२ देतो. आमचा टीव्ही बनवणाऱ्यानं तो त्या बरोबर बारासाठीच बनवला होता.

मग त्यांनी टीव्हीची तार काढून ठेवली आणि बॅटरीचा एक चिमटा क्षणभर उचलला. मीटर एकदम २० च्या वर गेला. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनल उघड्या उन्हात एकटं २१-२२ व्होल्ट देतं. बॅटरी मध्ये असते तोवर ती ते दाबून धरते. आमच्या नावेचं इंजिन सुरू झालं की सगळी फळी थरथरते. त्या थरथरीनं चिमटा सैल झाला होता, त्याच्या तोंडावर ठिणगीचे काळे डागही सापडले. म्हणजे त्या दुपारी बॅटरी निसटली, पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसवलेला आमचा स्वस्तातला चार्ज कंट्रोलर ते रोखू शकला नाही आणि पॅनलचा सगळा जोर टीव्हीवर गेला. हे ऐकताना दिरांचा चेहरा पडला. कंट्रोलर त्यांनीच आणला होता. पण स्वस्त घेतला म्हणून त्यांना बोलायला माझं मन झालं नाही. चांगला कोणता हे ओळखायचं कसं, ते आम्हाला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा टीव्ही घेतला तेव्हा मी या दुरुस्तीवाल्या मिस्त्रीभाऊंना सोबत नेलं. नावेवर, वावरातल्या मचाणावर, मेंढपाळाच्या तळावर, जिथे लाइट नाही तिथे टीव्ही घेणाऱ्यांना त्या खरेदीचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र.

त्यांनी दुकानात चित्र पाहायच्या आधी टीव्ही पालथा केला आणि मागची चिठ्ठी वाचली. व्होल्टच्या आकड्याशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, तर तो डीसी, म्हणजे बॅटरीचा प्रवाह. नागमोडी रेघ असेल तर घरचा एसी. काही टीव्हींच्या अडॅप्टरवर १२ नाही, १९ व्होल्ट लिहिलेलं असतं. ते खोक्यावरून कळत नाही आणि असे टीव्ही सरळ बॅटरीवर चालत नाहीत. ३२ इंचीच्या बऱ्याच टीव्हींना अडॅप्टरच नसतो, सरळ घरच्या २३० व्होल्टची वायर असते. आम्ही २४ इंचीच घेतला. नावेवर पडदा पाच फुटांवर असतो, त्याहून मोठा हवा कशाला?

पाहण्याच्या कोनाचं मात्र मला आधी सुचलंच नसतं. नावेवर माणसं खुर्चीवर बसत नाहीत, फळीवर आडवी होऊन खालून वर पाहतात. मिस्त्रीभाऊ दुकानात चक्क जमिनीवर बसले आणि मान खाली करून एकेक पडदा पाहिला. स्वस्त पडद्यावर खालून माणसांचे चेहरे काळे पडतात, रंग उलटे दिसतात. दुकानात उभ्यानं पाहिलं तर सगळे सारखेच सुंदर! काचेसारखा चकचकीत पडदाही नको, पाण्यावरचं ऊन त्यात आरशासारखं दिसतं.

दुकानदारानं या वेळी इन्व्हर्टर सुचवला. “टेन्शनच नाही वहिनी, घरासारखाच चालेल.” मी विचार केला. बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे, मग अडॅप्टरनं त्याचेच पुन्हा १२ करायचे, आणि दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाणार. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स मिळून आमच्याकडे ३६ वॉट लागतात, म्हणजे सरळ बॅटरीवर ३ अँपिअर. चार तासांचे १२ अँपिअर-अवर झाले, ७५ च्या बॅटरीला ते जड नाही. इन्व्हर्टर मध्ये घातला तर हेच १७-१८ पर्यंत जातं, आणि रात्री बंद करायचा विसरला तर टीव्ही बंद असूनही तो बॅटरी खात राहतो. पण माझा नकार विजेच्या हिशोबासाठी नव्हता. ओल्या फळीवर, ओल्या पायांनी, ओलं जाळं ओढणाऱ्या माणसांच्या मधोमध मला २३० व्होल्ट नको होते. घरच्या तीन माणसांचा जीव त्या नावेवर असतो.

त्याऐवजी मिस्त्रीभाऊंनी बॅटरी आणि टीव्हीच्या मध्ये एक छोटी ॲल्युमिनियमची डबी बसवली, डीसी-टू-डीसी स्टॅबिलायझर. आत ८ पासून ४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर स्थिर १२. आम्हाला ती साडेसहाशेला पडली. साडेसहा हजारांचा टीव्ही साडेसहाशेच्या डबीअभावी जळला, हे मला अजून टोचतं. बॅटरीच्या अगदी जवळ त्यांनी ५ अँपिअरचा फ्यूज टाकला. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते, आणि नावेवर आग लागली तर पळायचं कुठे?

तारही बदलली. आमची बॅटरी मागे इंजिनापाशी, टीव्ही पुढे छपराखाली, मध्ये वीस फुटांची बारीक तार. मीटर बॅटरीपाशी १२.३ आणि टीव्हीपाशी ११.३ दाखवत होता. एक पूर्ण व्होल्ट तारेतच हरवत होता! पहिला टीव्ही रात्री दहानंतर आपोआप बंद-चालू का व्हायचा, ते तेव्हा समजलं. आता २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आहे, पाव व्होल्टच जातो. आणि टीव्हीत जाणारी पिन: मधलं टोक प्लस की मायनस, हे टीव्हीच्या चिठ्ठीवर छोट्या गोलाच्या खुणेनं दाखवलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय तार जोडू नये.

चॅनलचं थोडक्यात सांगते. दूरदर्शनचे पूर्वीचे मनोरे बंद झाल्यापासून काठीच्या अँटेनावर आमच्याकडे काही येत नाही, त्यामुळे डीडी फ्री डिशची छत्री लागते. महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री वाहिनी दिसते. पण छत्री नावेवर बसवू नका, आम्ही बसवून पाहिली. जीसॅट-१५ हा उपग्रह आमच्याकडून आग्नेयेला, बराच उंचावर आहे. नाव वाऱ्यानं जराशी फिरली की चित्र गेलं. आता काठावर लोखंडी पाइप रोवून त्यावर छत्री आहे, नाव तिथे बांधली की केबल जोडतात. धरणाचं पाणी उतरलं की काठ मागे सरकतो, मग पाइपही उपटून पुढे न्यावा लागतो आणि दिशा पुन्हा धरावी लागते. पाण्याच्या मध्ये असले की पेन ड्राइव्ह.

संपादक महोदय, माझं मागणं एकच आहे. टीव्हीच्या खोक्यावर इंचाचा आकडा हातभर मोठा असतो. तिथेच मराठीत एक ओळ लिहा की हा टीव्ही किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो आणि बॅटरीवर सरळ लावता येतो की नाही. कंपनी लिहीत नसेल तर दुकानदारानं बिलावर हातानं लिहून सही करावी. तोंडी सांगितलेल्या ‘बारा व्होल्ट’वर आमच्यासारखे लोक बचत गटाचं कर्ज काढतात, आणि टीव्ही जळला तरी हप्ता चुकत नाही. माझे पहिल्या टीव्हीचे अजून चार हप्ते बाकी आहेत. आपल्या अंकात शेतीच्या पानावर पंप आणि फवारणी यंत्रांची माहिती येते, ती मी कापून ठेवते. त्याच पानावर बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंची अशी माहिती एखाद्या जाणकाराकडून लिहून घेतली, तर धरणाच्या काठच्या कितीतरी घरांत ती वाचली जाईल.

दुसरा टीव्ही आठ महिन्यांपासून चालू आहे. या मंगळवारी शेजारच्या नावेवाले टीव्ही घ्यायला जिल्ह्याला जाणार आहेत, मला बोलावलं आहे. मिस्त्रीभाऊंनी मीटर दिला आहे आणि तो कसा धरायचा तेही शिकवलं आहे. तो पिशवीत घेऊन मी सोबत जाते आहे.

आपली,
मासेमारी कुटुंबातील एक वाचक,
ता. पवनी, जि. भंडारा