बायला पत्र, अटलांटिक ओलांडण्याआधी

वेंगुर्ला
१२ नोव्हेंबर २०२५

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

हे कागदावर लिहितोय. लिहून झालं की दादा फोटो काढून तुला पाठवील. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे रविवारी तू पाहिलंसच. "उतर त्या बोटीवरून आणि घरी ये," असं मी म्हणालो. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुलीशी बोलायची ही रीत नव्हे. तू फोन ठेवलास ते बरोबर केलंस. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने मला बजावलंय, पत्रात झोपेचा विषय काढायचा नाही. म्हणून तो काढत नाही.

फक्त मी का ओरडलो तेवढं सांगतो. तू त्या यॉटच्या मेसमध्ये बसून बोलत होतीस. मोठ्या काकीच्या डोळ्याचं विचारलंस, मी सांगायला लागलो, आणि पडद्यावर तुझ्या जागी छतावरचा दिवा दिसायला लागला. मला वाटलं नेट गेलं. मग तुझा श्वास ऐकू आला. लहानपणी सर्दी झाली की यायचा तसा, बारीक शिट्टीसारखा. मी फोन बंद केला नाही. अकरा मिनिटं तो पांढरा दिवा बघत बसलो. मागे कोणीतरी बशा लावत होतं. मग तुला हाक आली, तू दचकलीस, फोन उचललास आणि म्हणालीस, "हां, मग ऑपरेशन कधी?" मधे काही झालंच नाही अशा आवाजात. तो आवाज मला ओळखीचा आहे गो. छत्तीस वर्षं बोटीवर काढली मी. उभ्या उभ्या झोपलेला माणूस असाच बोलतो.

काकीचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. आता तिला पुन्हा सगळ्यांच्या भिंतीवरचे डाग दिसायला लागलेत.

आता मुद्द्याचं. शनिवारी तुम्ही कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघणार. तिथून कॅरिबियनमधलं अँटिग्वा २७०० मैलांच्या वर, आमच्या समुद्री मैलांत. अकरा-बारा नॉटने गेलात तर दहा दिवस. वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो, म्हणून सगळ्या यॉटी याच सुमारास भूमध्य समुद्रातून तिकडे जातात, हे तूच मला समजावलंस. मला ते ठाऊक होतं, पण तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. ईशान्येचे वारे मागून लागतील. मागच्या लाटेवर बोट दोन्ही अंगांवर डोलते, डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असले तरी. रात्री बंकमध्ये पाठ टेकू देत नाही. त्यावर एक उपाय आहे. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट नाहीतर गुंडाळलेलं जाड पांघरूण सरकव, म्हणजे गादी भिंतीकडे कलते आणि अंग त्या खाचेत अडकून राहतं. आम्ही सगळे असंच झोपायचो.

पाहिलंस, आलाच विषय.

लास पाल्मास मला ठाऊक आहे. बंकर म्हणजे इंधन घ्यायला आमचं जहाज तिथे थांबायचं. बंदराजवळ सांता कातालिना बागेच्या आसपास सिंध्यांची दुकानं होती, रेडिओ, घड्याळं, कॅमेरे. १९८६ साली एका दुकानदाराने मला हिंदीतून "बेटा" म्हणून हाक मारली, चहा पाजला आणि आपला तो टू-इन-वन विकला. आजी त्यावर अभंग ऐकायची तोच. तो पुढे तुझ्या पाळण्याशेजारी असायचा. तुझा जन्म झाला तेव्हा मी बोटीवर होतो, हे तुला आई वर्षातून दोनदा तरी ऐकवते. मी आलो तेव्हा तू सात महिन्यांची होतीस आणि झोपलेली होतीस. उठवू नका म्हणाली आजी. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. तसाच उभा राहून बघत होतो. वेळ मिळाला तर त्या बागेपर्यंत जाऊन ये. दुकानं असतील नसतील.

या प्रवासात पाहुणे नाहीत म्हणून तुम्हा इंटिरिअरच्या, आतली सरबराई बघणाऱ्या मुलींनाही ब्रिजवर, जिथून बोट चालवतात तिथे, वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी आहे म्हणालीस. हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आमच्या काळी डेकवर खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली सामान सांभाळणारा कसाब, खलाशी, सुकाणी, खाली स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. सगळे बाप्ये. माझी पोर अटलांटिकात रात्रीचा समुद्र राखणार! नाक्यावर दोघांना सांगून आलो. त्यातल्या एकाने विचारलं, यॉट म्हणजे होडीच ना? मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. बावन्न मीटर लांब, बारा पाहुणे आणि त्यांची सरबराई करायला तेरा माणसं. बाराच का, तर तेरावा पाहुणा घेतला की कायद्याने ते प्रवासी जहाज होतं आणि सगळे नियम बदलतात. तुझा पांढऱ्या गणवेशातला, खांद्यावर पट्ट्या लावलेला फोटोही दाखवला. पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटला घातलं तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, मुलीला भांडी घासायला शिकवायला एवढे पैसे?

वॉचवर गेलीस की आधी वीस-तीस मिनिटं अंधाराला डोळे सरावू दे. मोबाइल बघू नकोस. एकदा पडद्याकडे बघितलंस की ती वीस मिनिटं वाया गेली. खुर्चीत बसू नकोस, उभी राहा. रडार आणि आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस आहेत, पण त्यांच्यावर दिसत नाहीत अशा गोष्टीही समुद्रात असतात, म्हणून काचेबाहेर बघायचं. शंका आली तर ऑफिसरला हाक मार. उठवलं म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे. तुमच्या ब्रिजवर दर काही मिनिटांनी बटण दाबायला लावणारा अलार्म असेल. दाबला नाही तर तो आधी ब्रिजवर ओरडतो, मग खाली झोपलेल्यांना उठवतो. ते यंत्र का करावं लागलं याचा विचार कर. माणसं वॉचवर झोपली, बोटी खडकांवर चढल्या, म्हणून. वाईट माणसं नव्हती ती. दमलेली होती.

हे लेक्चर झालं. माफ कर. तू पाच वर्षं बोटींवर आहेस, दोन करार क्रूझवर करून इकडे आलीस. तुला हे सगळं कोर्समध्ये शिकवलेलं असणार.

पण बाय, मला तुझा दिवस कळलाय आणि तो डोक्यातून जात नाही. मे महिन्यात मोनॅकोच्या मोटारींच्या शर्यतीपासून सप्टेंबरच्या यॉट शोपर्यंत तू किती वेळा जमिनीवर उतरलीस? पाहुणे पहाटे तीनपर्यंत जागणार, शेवटचा ग्लास उचलून पुसून ठेवेपर्यंत तू उभी. सहाला त्यांच्यातल्या पळायला जाणाऱ्या एकाला कॉफी हवी. मधल्या वेळात नळाच्या खाचा कापसाच्या काड्यांनी साफ करायच्या, चादरी पलंगावरच इस्त्री करायच्या, स्टीलवर बोटाचा ठसा राहता कामा नये. हे काम हलकं आहे असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणार नाही. मी डेक घासलाय, तू संगमरवर घासतेस. आणि आता पाहुणे उतरले तरी डोलण्यात फुटू नयेत म्हणून सगळी काचेची भांडी गुंडाळायची, डिसेंबरात अँटिग्वाच्या यॉटींच्या मेळ्यात दलालांना बोट दाखवायची म्हणून पुन्हा सगळी सोडायची. म्हणजे विसावा कधी?

चोवीस तासांत कमीत कमी दहा तास विश्रांती. सात दिवसांत सत्त्याहत्तर. दहाचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक निदान सहा तासांचा. हे मी म्हणत नाही, जहाजावरच्या कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम आहे, २०१३ पासून लागू आहे. तुमची यॉट चार्टरला, भाड्याने, जाते म्हणजे ती व्यापारी, नुसती मालकाच्या मौजेची नव्हे, म्हणून तुम्हालाही लागू. तू म्हणालीस, "बाबा, विश्रांतीच्या तासांचा तक्ता भरतो आम्ही, सगळ्यांचा सारखाच असतो." त्यावर मी गप्प झालो, तुला वाटलं मला पटलं.

मला एक गोष्ट सांगायची आहे, ती आईलाही पूर्ण माहीत नाही. २००७ ची. आम्ही माल उतरवून दुसऱ्या बंदरात निघालो होतो, मधे तीन दिवस, तेवढ्यात मालाचे पाचही कप्पे, होल्ड, धुवून कोरडे करायचे. सारंग मी. पोरं तीस तास पायांवर होती. तक्त्यात सगळ्यांचे दहा-दहा तास विश्रांतीचे लिहिले होते, माझ्याच पेनाने, आणि त्यांनी सह्या केल्या होत्या. काकिनाड्याचा एक पोरगा होता, बावीस वर्षांचा. दोन तासांपूर्वीच झोपला होता. हॅच, म्हणजे होल्डचं झाकण, बंद करायला माणूस कमी पडला म्हणून मी त्याला उठवलं. खांद्याला धरून हलवलं, "उठ रे, पाच मिनिटांचं काम." तो उठला, हसला, "हां सारंगसाब" म्हणाला. तोच आवाज. हॅच कव्हरच्या चाकाखाली त्याची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. चौकशीत तक्ता बघितला गेला. तक्ता चोख होता. ठपका त्याच्यावर आला, बेसावध राहिला म्हणून. मी तिथे उभा होतो आणि काही बोललो नाही.

म्हणून रविवारी ओरडलो. तुझ्यावर नव्हे.

तक्त्यात खरं लिही, एवढंच माझं मागणं आहे. नोकरी जाईल असं वाटलं तर जाऊ दे. तुझा अनुभव, तुझी सर्टिफिकिटं कोणी काढून घेत नाही. दुसरी बोट मिळेल. चीफ स्ट्यू, सरबराईची प्रमुख, व्हायचं आहे, व्हायलाच पाहिजेस. पण त्या दिवशी तुझ्या हाताखाली चार मुली असतील आणि तक्ता तू भरशील, हे ध्यानात असू दे. करारपत्राची प्रत फोनमध्ये आणि दादाकडे ठेव. पासपोर्ट कॅप्टनकडे असतो ते ठीक, त्याचीही प्रत ठेव. पैसे पाठवायची घाई नको. वरच्या मजल्याचं काम थांबलंय ते पैशांमुळे नाही, गवंड्यामुळे थांबलंय.

आणखी एक, मग आवरतो. गेल्या वर्षी १९ ऑगस्टला सिसिलीजवळ ती मोठी शिडाची यॉट बुडाली. नांगरावर होती, पहाटे चारच्या सुमारास, बहुतेक माणसं झोपेत. बावीस जण होते, सात गेले. कर्मचाऱ्यांपैकी एकटा आचारी गेला, अँटिग्वाला घर असलेला. त्या आठवड्यात तू फोन केलास तेव्हा मी हवापाण्याच्याच गोष्टी केल्या. आईपासून तो पेपर लपवला होता. तुझी केबिन बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, पाण्याच्या पातळीशी. बंकपासून आपत्कालीन झडपेपर्यंत डोळे मिटून जाऊन बघ. पावलं मोज. मी प्रत्येक जहाजावर पहिल्या रात्री मोजायचो. आजही अंथरुणापासून मागच्या पडवीपर्यंत चौदा पावलं आहेत हे मला माहीत आहे. पावलं मोजून ठेवली की निवांत पडता येतं.

यंदा जत्रेला तू नसशील. तुला आठवतं? दशावतार बघायचाच म्हणून हट्ट करून यायचीस, गणपती आणि संकासुराचं होईपर्यंत जागी, आणि खरा राक्षस ओरडत येण्याआधी माझ्या मांडीवर गाढ. "बाबा, राक्षस आला की उठवा." मी कधीच उठवलं नाही. सकाळी घरी येऊन तू भांडायचीस. उजाडेपर्यंत माझा पाय बधिर झालेला असायचा, पण हलवायचा नाही.

अटलांटिक ओलांडताना घड्याळ चार वेळा एकेक तास मागे करतील. म्हणजे चार तास तुला फुकट मिळणार आहेत. ते कोणाला देऊ नकोस.

अँटिग्वाला पोचलात की लगेच फोन करू नकोस. बंदरात लागल्याचं मला नेटवर दिसतं, दादाने लावून दिलंय. आधी झोप. मग फोन कर.

तुझे
बाबा

ता. क. आई विचारते, केबिनमध्ये एसी फार थंड असतो तर रात्री पांघरायला काय देतात? तिने गोधडी शिवायला घेतली आहे. बोटीत जागा नाही म्हणून सांगून बघितलं, ऐकत नाही.