आजी, माझ्या गोष्टीतली चेटकीण निर्दोष आहे

एडिनबरा

ती. आजीस आणि घरातल्या सर्वांस,
सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. थंडी आहे, पण सोसते. कुळथाची पिठी संपत आली, तेवढी कुणी येणारं असेल तर पाठवा. बाकी जेवणाखाणाचं फोनवर होतंच. कागदावर लिहायचं कारण असं की हा विषय फोनवर काढला की बाबा मध्येच हवापाणी विचारतात आणि सगळं तिथेच राहतं. दादा, तू वाचून दाखवणार आहेस ना, तर आवाज काढून वाचू नकोस.

मी एक गोष्ट लिहितेय. रहस्यकथा, तीही पऱ्या आणि चेटकिणींची. इकडे या प्रकाराला भरपूर वाचक आहेत. बस, मोबाइल, पोलीस, सगळं आजचं, आणि त्याच गल्लीत कुणी न दिसणारंही राहतं. वाचनालयात संध्याकाळी लेखनाचा वर्ग भरतो, तिथे मी प्रकरणं वाचून दाखवते. सध्या त्या वर्गाशी माझं भांडण चाललंय. त्यात आजी, तुझी साक्ष हवी आहे.

आधी पऱ्यांचं सांगते. दादाच्या लेकीच्या दप्तरावर असतात तशा गुलाबी पंखवाल्या त्या नव्हेत. जुन्या स्कॉटिश माणसांच्या लेखी टेकडीच्या पोटात राहणारी ती एक जमात होती. त्यांची राणी वेगळी, गुरं वेगळी, पंगती वेगळ्या. मानाने वागलात तर शेजारी, नाहीतर माणूस उचलून नेतील. लोखंडाला मात्र भितात, म्हणून बाळ-बाळंतिणीजवळ लोखंडाची वस्तू ठेवायची इकडेही रीत होती. तू नातीच्या उशाखाली अडकित्ता ठेवला होतास ते मी वर्गात सांगितलं, तर एक आजोबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले.

शहराच्या मधोमध कॅल्टन हिल म्हणून टेकडी आहे. १६८४ साली छापलेली एक हकिकत सांगते की लीथ बंदरातला एक पोरगा दर गुरुवारी रात्री त्या टेकडीखाली पऱ्यांच्या मेजवानीत ढोल वाजवायला जायचा. एका गुरुवारी मोठ्या माणसांनी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं, तरी तो सगळ्यांच्या देखत सटकलाच. आणि ॲबरफॉइल गावचा रॉबर्ट कर्क नावाचा पाद्री! त्याने पऱ्यांची सगळी रीतभात लिहून काढली आणि १६९२ च्या मे महिन्यात गावाजवळच्या टेकडीवर फिरायला गेला तो तिथेच वारला. लोक म्हणाले, गुपित फोडलं म्हणून नेला. त्या टेकडीवरच्या झाडाला लोक अजून चिंध्या आणि चिठ्ठ्या बांधतात.

आता रहस्य. १८३६ साली आर्थर्स सीट या इथल्या मोठ्या डोंगरावर पोरं ससे धरायला गेली होती. तिथे पाटीच्या दगडाच्या फरश्यांआड एका कपारीत त्यांना वीतभरसुद्धा नसलेल्या शवपेट्या सापडल्या. एकूण १७. आठ-आठांचे दोन थर आणि तिसऱ्या थरात एकच, जणू काम अर्ध्यावर राहिलंय. प्रत्येकीत कपडे घातलेली लाकडी बाहुली, डोळे उघडे. या बाहुल्या मुळात खेळण्यातले शिपाई असावेत असं अभ्यासक म्हणतात, कारण त्या ताठ उभ्या आहेत आणि पेटीत मावाव्यात म्हणून काहींचे हात काढलेत. पोरांनी त्यातल्या बऱ्याच एकमेकांवर फेकून फोडल्या. आठ उरल्या, त्या इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मी बघून आले. काचेसमोर उभं राहिल्यावर बोलायला काही सुचत नाही.

कुणी केलं, कशासाठी केलं, आजवर कळलेलं नाही. तेव्हाच्या वर्तमानपत्राने चेटकिणींवर आळ घेतला. नंतर कुणी बर्क आणि हेअर या जोडगोळीकडे बोट दाखवलं. १८२८ च्या सुमारास ते दोघे माणसं मारून प्रेतं डॉक्टरी शिकवणाऱ्याला विकायचे. विकलेली प्रेतं सतरा, म्हणून. मला मात्र सगळ्यांत आवडला तो धागा. बाहुल्यांच्या कपड्यांच्या शिवणीत काही ठिकाणी तीन पदरी सुती दोरा आहे, आणि तो इकडे १८३० च्या आसपास वापरात आला. म्हणजे निदान ते कपडे त्याच्या आधीचे नाहीत. दोऱ्याने साक्ष दिली, बघ!

माझ्या गोष्टीत एक पेटी फुटत नाही. कंपनी सरकारच्या कुणा स्कॉटिश अंमलदाराच्या सामानातून ती वेंगुर्ला बंदरात उतरते. मग सापडते ती थेट आजच्या काळात, मालवणजवळच्या आचरा गावातल्या एका घरात. गावपळण आटोपून माणसं परततात तेव्हा ती देव्हाऱ्यापुढे ठेवलेली असते.

गावपळण समजावताना वर्गाची एक अख्खी संध्याकाळ गेली. ग्रामदेव रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहतो, हे त्यांना खरंच वाटेना. मग एकीने विचारलं, "त्या तीन रात्री गाव कुणाचा असतो?" मी म्हटलं, अगं तीच तर माझी गोष्ट. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की शहरी गोष्टीत खेडं कशाला. मी म्हटलं, तिठ्यावर एटीएम आहे, कॅमेरा आहे, रिक्षावाले भाड्यावरून भांडतात, शहराला अजून काय लागतं? कॅमेरा चालू आणि गावात चिटपाखरू नाही, असं दृश्य एडिनबरात मला कुठून मिळणार!

एडिनबरातून एक परीमाणूस त्या पेटीच्या मागावर येतो. विमानतळावर त्याला कुणी अडवत नाही, अडवतो तो वेशीवरचा देवचार, गावाचा न दिसणारा राखणदार. पाहुण्याला ठाऊकच नसतं की इथे नारळ आणि विडी ठेवावी लागते. हे प्रकरण लिहिताना मी एकटीच हसत होते. "देवचार वाट चुकयणा नाय, वाट दाखयता" हे तुझं वाक्य मी तसंच घातलंय, मालवणीतच.

भांडण पुढे आहे. पेटी सापडल्यावर गाव म्हणतो, करणी केली. देवदेवस्की करणाऱ्या घाड्याकडे खेपा सुरू होतात आणि बोट जातं ते किनाऱ्याजवळ एकटी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे. वर्गाला वाटतं, शेवटी ती खरोखरच चेटकीण निघावी, म्हणजे रंगत येईल. मी म्हटलं, नाही निघणार. पऱ्या आणि चेटकिणी एकाच टोपलीत घालायला माझी तयारी नाही. राखणदार दुखावला तर तो आपलं आपण बघून घेतो. बाईला चेटकीण ठरवल्यावर तिचं कोण बघणार?

आणि हे मी त्यांच्याच शहरात शिकले. किल्ल्याच्या पटांगणापाशी भिंतीत एक लहानसं लोखंडी कारंजं आहे, चेटकिणींची विहीर म्हणतात. तिथे जाळलेल्या बायकांच्या आठवणीसाठी १८९४ साली ते पॅट्रिक गेडिसने करवून घेतलं. बाबा, हाच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. स्कॉटलंडात चेटकाविरुद्धचा कायदा १५६३ ते १७३६ चालला. एडिनबरा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कागदपत्रं चाळून आरोप झालेली ३,८३७ माणसं मोजली. शंभरातल्या चौऱ्याऐंशी बायका.

ॲग्नेस सॅम्पसन ही त्यातलीच, औषधपाणी आणि बाळंतपणं करणारी सुईण. १५९० मध्ये राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन येताना समुद्र खवळला. तो या बायांनीच खवळवला म्हणे. छळ करून तिच्याकडून कबुली घेतली आणि १५९१ मध्ये तिला मारून जाळली. आपल्याकडे २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा तू रात्रभर समईजवळ बसून होतीस. वादळाचा जाब एखाद्या सुईणीला विचारणारं सरकार कसं असेल, ते तूच सांग.

बेसी डनलॉपचं तर मला विसरताच येत नाही. कुणाची वस्तू चोरीला गेली, नांगराचे लोखंडी फाळ गेले, की लोक हिच्याकडे विचारायला येत. ती म्हणे, पिंकीच्या लढाईत १५४७ साली मेलेला टॉम रीड मला सांगतो, तो आता पऱ्यांत राहतो. म्हणजे चोर शोधून देणारी बाई! तिलाच १५७६ मध्ये दोषी ठरवून जाळलं. रहस्यकथेत शोध करणारीलाच शिक्षा झाली तर वाचक पुस्तक भिरकावून देतील. इथे खऱ्या आयुष्यात तसं झालं, आणि त्याबद्दल सरकारतर्फे माफी मागायला २०२२ चा ८ मार्च उजाडला.

म्हणून माझ्या गोष्टीत ती म्हातारीच शोध लावते. ती वाकळ शिवणारी आहे. बाहुलीच्या अंगरख्यावर ती नखाने दोरा उचलते आणि म्हणते, हा नायलॉनचा. म्हणजे पेटी जुनी, पण कुणीतरी हल्लीच ती उघडून पुन्हा शिवलीय. किनाऱ्यालगतची तिची जागा कुणाला हवी आहे, हे मग वाचकाने ओळखायचं. पोलीस येतात ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली, तिला धरायला नव्हे तर तिच्यावर आळ घेणाऱ्याला धरायला. हा कायदा दाभोलकरांचा खून झाल्यावरच झाला हे सांगताना माझा आवाज जरा चढला. वर्ग गप्प. पटलं की नाही, ते पुढच्या वाचनात कळेल.

आता आजी, तुझं काम. रिकाम्या गावातून त्या रात्री कुणीतरी मोठाल्या चपला घालून गेल्याचे ठसे मला हवेत. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात आणि रात्रीच्या फेरीने त्या झिजतात, हे तूच सांगितलेलं. पण वेतोबा आरवलीचा. मध्ये कर्लीची खाडी, पुढे मालवण. आचऱ्यापर्यंत तो फेरी मारेल का? की हद्द रामेश्वराची म्हणून वेशीवरूनच मागे फिरेल? उगाच काहीतरी लिहिलं तर आरवलीची माणसंही रागावतील आणि आचऱ्याचीही.

दादा, तू आरवलीला जाशील तेव्हा त्या चपलांना खिळे लोखंडाचे असतात की नुसती चामड्याची शिवण, ते नीट बघ. लोखंड असेल तर माझा एडिनबराचा पाहुणा त्या ठशांच्या आसपास फिरकणार नाही, आणि मला सहावं प्रकरण बदलावं लागेल. फोटो पाठवलास तरी चालेल, आधी पुजाऱ्यांना विचारून काढ.

उत्तर लवकर पाठवा. मोठ्यांना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची,
ताई