ताई, त्या लाल वर्तुळासाठी थँक्यू

ताई, फोनवर आभार मानायला गेले आणि रडूच आलं, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

थिसिससाठी ताडीतलं माझं यीस्ट, नॅनोपोर मशीनवर वाचलेले त्याच्या डीएनएचे लांब तुकडे, म्हणजे रीड्स, आणि ते जोडून पूर्ण जीनोम उभा करताना, म्हणजे असेंब्लीत, बाकी सगळे क्रोमोसोम अखंड येत होते, फक्त बारावा दरवेळी त्याच जागी तुटायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा कव्हरेज कमी आहे (प्रत्येक जागा पुरेशा वेळा वाचली गेली नाही), डीएनए नीट काढला नाहीस, परत सिक्वेन्सिंग कर. ज्यांच्याकडून डेटा करून घेतला त्यांनी पैसे मिळाल्यावर मेलला उत्तर देणंच बंद केलं. एका मोठ्या सरांनी तर भर मीटिंगमध्ये "१६ क्रोमोसोमचे १७ तुकडे?" एवढंच विचारलं आणि पुढची स्लाइड घ्यायला सांगितली. फाइल उघडून बघावी असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ओळखपाळख नसताना बघितली. सकाळी तुमचा फोटो आला, माझा डॉटप्लॉट (दोन जीनोम कुठे जुळतात ते दाखवणारा आलेख) प्रिंट काढलेला, बाराव्या क्रोमोसोमवर लाल पेनने गोल आणि शेजारी तुमच्या अक्षरात, "हा आरडीएनए. इथे बहुतेकांचा तुटतो. तुझं काही चुकलेलं नाही." तो फोटो मी किती वेळ बघत बसले होते! इतके महिने हे शेवटचं वाक्य कुणीच बोललं नव्हतं.

मग तुम्ही समजावलंत, की टीवाय घटक (जीनोममध्ये उड्या मारत ठिकठिकाणी पसरलेले डीएनएचे तुकडे) सहा हजार अक्षरांचे, ते लांब रीड सहज ओलांडतो, पण इथे आरडीएनएत, म्हणजे रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांत, नऊ हजारांची तीच नक्षी शंभर-दीडशे वेळा छापलेली आणि आपल्या हातातला तुकडा दोन-तीन नक्ष्यांएवढा, तो नेमका कुठला ते कळणार कसं. १९९६ साली पूर्ण झालेल्या यीस्टच्या जीनोममध्येसुद्धा तिथे दोनच प्रती लिहिल्यात, हे तुम्ही सांगितल्यावर मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

हुशार माणसं खूप भेटली ताई, पण समोरच्याला खाली न दाखवता शिकवणारी फार कमी, आणि तशी माणसं आहेत म्हणूनच आमच्यासारखे टिकून राहतात.

थिसिसमध्ये तुमचं नाव टाकू का विचारलं तर म्हणालात, त्यापेक्षा डेटा सगळ्यांसाठी खुला कर. केलाय ताई, कच्च्या रीड्ससकट, आणि बारावा का तुटलाय तेही सोबत लिहिलंय.