पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्यांचा पुरावा कुठे आहे?

मा. संपादक महोदय,

कायद्याचे शिक्षण कसे असावे यावरचा वाद आपल्या पानांवर अधूनमधून रंगतो आणि मी तो आवडीने वाचतो. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, कोणता विषय सक्तीचा करावा, नवी कलमे कधी शिकवायला घ्यावीत यावर हिरिरीने लिहिले जाते. वर्गाचे दार लागल्यावर आत काय घडते, याबद्दल मात्र सहसा कुणी अवाक्षर काढत नाही. मी स्वतः कायदा शिकवतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगतो. स्वतःच्या शिकवण्याबाबत मात्र आमचा सारा भरवसा ऐकीव गोष्टींवरच. ‘आमच्या सरांनी असेच शिकवले, आमचे काय अडले?’ हा युक्तिवाद स्टाफरूममध्ये बिनबोभाट चालतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी असे बोलला असता, तर आम्हीच उलटतपासणीत त्याची भंबेरी उडवली असती.

शंका तशी जुनीच. इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्यासाठी ऑक्सफर्डमध्ये १७५८ साली अध्यासन सुरू झाले आणि ब्लॅकस्टोन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. सव्वाशे वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच अध्यासनावर आलेल्या डायसींनी पहिल्या व्याख्यानाला विषय घेतला तो हाच, की इंग्लंडचा कायदा विद्यापीठात शिकवता येतो का? तिकडे हार्वर्डमध्ये १८७० साली लँगडेल डीन झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकावरची व्याख्याने बाजूला सारून विद्यार्थ्यांच्या हाती थेट निवाडे दिले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. विद्यार्थी सुरुवातीला चांगलेच वैतागले, पुढे मात्र ही पद्धत अमेरिकाभर पसरली. ती परिणामकारक होती म्हणून पसरली, की एकच प्राध्यापक भलामोठा वर्ग हाताळू शकतो म्हणून? माझ्या मते दुसऱ्या कारणाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असावा. पुढे न्यायाधीश झालेले जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्येच विचारले होते, की वैद्यकीचा विद्यार्थी रुग्ण पाहतो, मग कायद्याच्या विद्यार्थ्याला अशील का दिसू नये?

वर्गात बसून, कान देऊन केलेला अभ्यास कसा असतो, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. एलिझाबेथ मर्ट्झ या कायदा आणि मानववंशशास्त्र या दोन्ही विषयांच्या अभ्यासक. त्यांनी अमेरिकेतल्या आठ विधी महाविद्यालयांत करार कायद्याच्या प्रथम वर्षाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करवून घेतले आणि प्रश्नोत्तरांची बारकाईने छाननी केली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कुणी प्राध्यापक प्रश्न विचारून शिकवत होता, कुणी सरळ व्याख्यान देत होता. तरी विद्यार्थ्यांपर्यंत पोचणारा संदेश सगळीकडे जवळपास सारखाच निघाला: माणसे आणि त्यांची परिस्थिती दुय्यम, आधी खटल्याचा कायदेशीर सांगाडा. आम्हा शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. वादी कोण, खालच्या न्यायालयाने काय ठरवले, अपील कोणत्या मुद्द्यावर, असे प्रश्न चाललेले असतात. मध्येच एखादी मुलगी म्हणते, ‘पण सर, त्या बाईंना करार वाचून तरी कुणी दाखवला होता का?’ आणि आमच्या तोंडून जाते, ‘तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवा.’ वर्षभर असे तूर्त बाजूला ठेवत गेले, की ती मुलगी विचारायचेच सोडते. याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

आमच्याकडे त्याऐवजी असतो सत्राअखेरीस भरून घ्यायचा अभिप्राय अर्ज. त्यातून शिक्षक आवडला की नाही एवढे कळते, विद्यार्थी काय शिकला ते कळत नाही. परीक्षेचेही तेच. ‘संमतीची व्याख्या लिहा’ या प्रश्नाला पाठांतर पुरते. ‘सही झाल्यावर एक अट गाळल्याचे अशिलाच्या लक्षात आले, त्याला काय सल्ला द्याल?’ असे विचारा, मग कुणाला किती उमगले ते दिसेल. दोन तुकड्यांना एकच प्रकरण शिकवावे, एकीकडे मसुदे तपासून शेरे देऊन, दुसरीकडे नेहमीसारखे, आणि असा प्रश्न दोघांनाही घालावा. विद्यार्थ्यांची संमती घ्यावी, नावे झाकावीत, आणि मागे पडलेल्या तुकडीला तेच शेरे नंतर द्यावेत. याला मोठे अनुदान लागत नाही. सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसू द्यायची तयारी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. शिवाय एखाद्या कलमावरचा लेख संशोधन म्हणून मोजला जातो, शिकवण्यावरचा लेख मात्र हौसेच्या खात्यात जातो. पदोन्नतीच्या फाइलीत त्याला किंमत नसेल, तर तरुण प्राध्यापक त्यात वेळ का घालवेल?

आपणही या विषयावर पुन्हा चर्चा घडवाल तेव्हा कुलगुरू आणि निवृत्त न्यायाधीश यांच्याबरोबर नुकतीच सनद मिळालेल्या चार-दोन वकिलांना बोलवावे. पहिला मसुदा लिहायला बसल्यावर वर्गातले काय उपयोगी पडले आणि काय नव्याने शिकावे लागले, हे त्यांना अजून ताजे आठवत असेल.

– विधी शाखेचा एक अध्यापक